रेडा गाडीत बसून यायचा

मामाचा फोन आला तेव्हा तो हळू आवाजात बोलत होता. एरवी तो फोनवर असा बोलतो की फोनची गरजच वाटू नये. त्या दिवशी मात्र त्याने आधी माझ्या नोकरीची चौकशी केली, मग आईच्या गुडघ्यांची, आणि मग म्हणाला, "तू ते नकाशे काढतीस न्हवं का? आपल्या खाणीच्या लाईनीचा इतिहास लिही की. म्हातारी माणसं चालली एकेक. गावात कुणाला सुचंना झालंय."

मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी वाचते भरभर, पण लिहायला बसले की प्रत्येक वाक्य दोनदा तपासते. मामाला हे माहीत आहे, कारण लहानपणी मी त्याला लिहिलेलं पत्र त्याने सगळ्या गल्लीत वाचून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. गावात मराठीचे दोन शिक्षक असताना त्याला मीच का हवी होते, हा प्रश्न मला तेव्हाच पडला. मी हो म्हणाले. नाही म्हणायला मला नेहमीच जास्त बोलावं लागतं.

लाईनीबद्दल मला जे माहीत होतं ते एवढंच. शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या आजोळी, गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची खाण होती. तिथून खाली सडकेजवळच्या डेपोपर्यंत दोन फूट रुंदीचे छोटे रूळ टाकलेले होते. त्यावरून दगडाच्या ट्रॉल्या यायच्या. इंजिन कधीच नव्हतं. पुढे ट्रक थेट खाणीपर्यंत जायला लागले, लाईन बंद पडली, रूळ उपटले गेले, आणि मग खाणही बंद झाली. आता ते रूळ गावात सगळीकडे आहेत. कुणाच्या दारावर आडवे, कुणाच्या गोठ्यात उभे. शाळेची घंटा म्हणजेसुद्धा टांगलेला रुळाचा तुकडाच आहे. लाईन कुठून जायची ते मात्र जो तो वेगळं सांगतो.

खरी गोष्ट आईने सांगितली, भाजी निवडता निवडता. "त्यानं वाटेचा अर्ज केलाय तहसीलदाराकडं."

मामाच्या ओढ्याकडच्या शेताला वाट नाही. तिथून सडकेपर्यंत एका अंगाला त्याचीच भाताची खाचरं आहेत आणि दुसऱ्या अंगाला आक्कांचं शेत. आक्का म्हणजे शेजारच्या विधवा बाई, सगळं गाव त्यांना आक्काच म्हणतं. त्यांची जमीन थोडी. तिच्यात एक विहीर, एक फणस आणि बाकी भाताची खाचरं. मामाचं म्हणणं असं की जुनी लाईन दोघांच्या मधल्या बांधाला लागून, आक्कांच्या बाजूने जायची. म्हणजे ती पट्टी पहिल्यापासून वाटच होती आणि ती आता त्याला ट्रॅक्टरसाठी मिळाली पाहिजे. आक्कांचं म्हणणं असं की लाईन तिथून कधी गेलीच नाही. पट्टी गेली तर विहिरीचा काठ जाणार होता आणि फणसही.

"मग इतिहास त्याच्यासाठी?" मी विचारलं.

"मला काय माहीत," आई म्हणाली, आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लागली.

जानेवारीत चार दिवसांची रजा काढून मी एसटीने गेले. भातं निघून गेली होती, खाचरं कोरडी होती. माझ्याकडे वही, मोजपट्टी आणि फोन होता. पहिल्या सकाळी मी खाणीच्या वाटेवर एका दगडाचा फोटो काढला, तेवढ्यात मागून आवाज आला, "पावणं, कुठल्या ऑफिसचं म्हणायचं?" मी मामाचं नाव सांगितलं तर त्या माणसाचा चेहरा आणखी बंद झाला. दुसऱ्याने विचारलं, "परत खाण चालू हुणार व्हय?" तिसऱ्याचं म्हणणं होतं की मी रस्ता रुंदीकरणाची आहे आणि मामाचं नाव उगाच सांगतेय. मी बोलले की बायका एकमेकींकडे बघायच्या. "टीव्हीतल्यागत बोलती," असं एक जण दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझा विश्वास कुणावर नव्हता आणि त्यांचा माझ्यावर नव्हता, त्यामुळे निदान त्या बाबतीत आम्ही बरोबरीचे होतो.

आणि सगळे एकच गोष्ट सांगत होते.

"रेडा गाडीत बसून यायचा."

हे मला दुकानदाराने सांगितलं, पोस्टातल्या बाईंनी सांगितलं आणि मामीने सांगितलं. खाणीवरून भरलेल्या ट्रॉल्या उताराने आपोआप खाली यायच्या. रिकाम्या ट्रॉल्या परत वर ओढायला रेडा लागायचा. पण रेड्याला खाली आणायचा कसा? तर शेवटच्या ट्रॉलीत उभा करून. म्हणजे वर जाताना तो ओढायचा आणि येताना गाडीतून यायचा. "आमदारागत," दुकानदार म्हणाला. पोस्टातल्या बाईही म्हणाल्या, "आमदारागत." मामीही तेच म्हणाली.

मी वहीत लिहिलं: रेडा, तीन जण, एकच शब्द, बहुतेक चेष्टा. मला वाटलं, शहरातून आलेल्या मुलीला सांगायची ही ठरलेली गोष्ट असणार. मी ती लिहून छापायची आणि मग वर्षभर सगळ्यांनी हसायचं. पत्राचा अनुभव मला होताच.

मामा मला रोज एकाच जागी न्यायला बघत होता. तिसऱ्या दिवशी मी गेले. मधल्या बांधावर, मधोमध, रुळाचा एक तुकडा रोवलेला होता, गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा. "हे बघ," मामा म्हणाला, "लाईनीची खूण. माझा बा दाखवायचा. फोटो काढ ह्याचा, जवळनं काढ."

मी फोटो काढला. तुकडा सगळा गंजलेला होता, पण वरून चार बोटं खाली, गोल फिरून, एक पट्टा गुळगुळीत होता, चकाकणारा. मामा काही बोलत होता आणि मी त्या पट्ट्याकडे बघत होते. मामाच्या गोठ्यात म्हैस बांधायचा जो रूळ असतो त्यावर दाव्याने घासून अगदी असा पट्टा पडतो. संध्याकाळी मी दूध आणायच्या निमित्ताने गोठ्यात गेले. रूळ जागेवर नव्हता, म्हैस एका नव्या लाकडी खुंट्याला बांधली होती. खुंट्याभोवतीची माती अजून मऊ होती.

मी कुणाला काही विचारलं नाही. रात्री जेवताना मामा मला स्वतःच्या हाताने तूप वाढत होता आणि मी ताटात बघत होते. विचारून टाकावं असं दोनदा वाटलं. पण मी विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, आणि मग ते खरं धरायचं की नाही हा आणखी एक प्रश्न उरला असता.

चौथ्या दिवशी सकाळी मी ब्रेकवाल्या आजोबांकडे गेले. लाईनीवर काम केलेलं ते एकच माणूस आता उरलंय. मिसरूड फुटायच्या आधी कामाला लागले आणि लाईन बंद पडली तेव्हा लग्न व्हायचं होतं, एवढाच हिशोब ते सांगतात. ते उन्हात घोंगड्यावर बसले होते. मामाने त्यांना आधीच काही पढवलं असेल म्हणून मी मुद्दाम बांधाचा विषय काढला नाही. कामाचं विचारलं.

ट्रॉलीच्या मागच्या पाटावर ब्रेकवाला उभा राहायचा. बाभळीचं एक जाड लाकूड चाकावर दाबायचं, म्हणजे वेग मरायचा. पावसाळ्यात लाकूड घसरायचं, तेव्हा पुढचा माणूस रुळावर राख टाकायचा. चाक भाजलं की लाकडाचा वास यायचा. तो वास नाकात आला की त्यांना आजही पाय घट्ट रोवावेसे वाटतात, म्हणाले.

"आणि रेडा?" मी विचारलं. हसू येऊ नये म्हणून मी वहीत बघत होते.

"रेडा गाडीत बसून यायचा."

"आमदारागत?"

"न्हाय," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "आमदार इकडं तिकडं बघतोय. रेडा डोळं मिटून उभा ऱ्हायचा. वर ट्रॉल्या भरून झाल्या की हाक मारायला लागायची न्हाय, आपला आपण चढायचा. एकदा नवा मुकादम आला. म्हणाला, जनावर कशाला गाडीत, चालवत आणा. आणलं चालवत. दुसऱ्या दिवशी रेडा रिकाम्या गाडीला हलंना. मार खाल्ला, पन हलला न्हाय. तिसऱ्या दिवशी मुकादमच म्हणाला, बसवा त्येला."

ही गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती. मी लिहीत होते. मग मी विचारलं, मध्ये कुठे चढ आला तर रेड्याला खाली उतरवायचं का.

आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी वेडगळ बोललेय. "चढ? लाईनीला खाली येताना चढ न्हवताच की. चढ असता तर दगडाची गाडी तिथंच बसली असती. मग काय रेड्यानं उतरून मागनं ढकलली असती व्हय?"

त्यांच्या सुनेला हसू आवरेना. मी वही मिटली, पाणी प्यायले आणि उठले. इतका वेळ ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात कमी विश्वास होता, तिच्यातच मला हवं ते होतं. रेडा गाडीत बसून येत असेल तर लाईन सगळीकडे खालीच गेली पाहिजे. आणि मामाच्या रुळाचा तुकडा मला उंचवट्यावर रोवल्यासारखा वाटला होता.

पण डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, हे मला ऑफिसात पहिल्या वर्षी कळलं. मागे डोंगर असला की समोरची चढण उतरण वाटते. साइटवर गवंडी लेव्हल बघायला एक साधी पारदर्शक नळी वापरतात, पाणी भरलेली. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, मग जमीन किती खाली-वर ते काठीने मोजायचं. दुकानदाराकडे तशी नळी मिळाली. कशाला हवी ते त्याने विचारलं, मी म्हणाले झाडांना पाणी घालायला.

लाईनीची वरची एक जागा नक्की होती. ओढ्यावरची दगडी मोरी, जिच्यावरून रूळ जायचे. तिच्याबद्दल गावात कुणाचंच दुमत नव्हतं. तिथून बांधापर्यंत लेव्हल न्यायची होती. एकटीने ते होत नाही. मी नळीचं दुसरं टोक काठीला बांधायचा प्रयत्न करत होते आणि ते सारखं सुटत होतं. मामीला बोलवावं तर तिला सांगावं लागलं असतं.

"काय चाललंय गं?"

आक्का होत्या. हातात विळा, डोक्यावर पदर. किती वेळ बघत उभ्या होत्या कोण जाणे.

"काही नाही. लेव्हल बघतेय."

"तू त्येची भाची न्हवं?"

"हो."

"मग त्येला बोलव की धरायला."

मी सुटलेलं टोक पुन्हा काठीला बांधायला लागले. आक्कांनी विळा कमरेला खोचला आणि हात पुढे केला. "दे हिकडं. मी धरतो. न्हायतर उद्या म्हणशीला, लेव्हलमदी असं निघालं नि तसं निघालं." आमच्याकडच्या बायका 'मी धरतो' असंच म्हणतात. माझी आईही म्हणायची, कोल्हापुरात येईपर्यंत.

आम्ही वीस-बावीस टप्पे घेतले. मी पुढे जायचे, त्या मागे थांबायच्या. पाणी स्थिर होईपर्यंत दोघी नळीकडे बघायचो. मी आकडा लिहिला की त्या मान लांब करून वहीत बघायच्या. "काय लिवलंस?" मी दाखवायचे. प्रत्येक टप्प्यावर दाखवलं. एकदा त्या म्हणाल्या, "फणस तुझ्या मामाच्या लग्नात कापायचा म्हणत हुते. माझ्या मालकानी कापू दिला न्हाय. तवापासनं बोलणं न्हाय." मग त्यांनी नळीचं टोक पुन्हा वर धरलं.

रुळाच्या तुकड्याशी पोचलो तेव्हा बेरीज सरळ होती. तिथली जमीन मोरीपेक्षा माझ्या कमरेएवढी उंच होती. दगडाने भरलेली ट्रॉली तिथे कुठल्याही उताराने पोचली नसती.

"काय निघालं?" आक्कांनी विचारलं.

"अजून बघायला पाहिजे," मी म्हणाले. ते खोटं होतं. पण मी मामाच्या घरी जेवत होते.

आक्कांनी नळी माझ्या हातात दिली. "व्हय? मला दिसलं की," म्हणाल्या आणि विळा काढून गवताकडे गेल्या.

मग मोरीपासून खाली-खाली जाणारी लेव्हल कुठून जाते ते बघत मी नुसती चालत गेले. ती मामाच्या स्वतःच्या शेतात शिरत होती. तिसऱ्या खाचराची कड इतर खाचरांपेक्षा रुंद आहे, बैलगाडी जाईल एवढी, आणि ती कुठेही न अडखळता सडकेकडे उतरते. मी काठीने उकरलं तर मातीखाली काळ्या दगडाचे टवके होते, खाणीतलेच. मला एकदम मामी आठवली. दर वर्षी लावणीला ती कुरकुरायची की ह्या कडेला दगडच दगड, इथं नाचणीसुद्धा नीट येत नाही.

म्हणजे लाईन होती. वाटही होती. फक्त ती मामाच्याच शेतातून गेली होती, आणि ती मोकळी करायची तर त्याचं चांगलं खाचर अर्धं जाणार होतं.

रजा दोन दिवसांनी वाढवून मी तिथेच बसून इतिहास लिहिला. सहा पानं झाली. खाण, ट्रॉल्या, बाभळीचा ब्रेक, राख, रेडा, मुकादम आणि शेवटी लाईनीचा मार्ग, आकड्यांसकट. बांधावरच्या तुकड्याबद्दल मी एक शब्द लिहिला नाही. तो कधीपासून तिथे आहे हे मी बघितलेलं नव्हतं, आणि गोठ्यातल्या खुंट्याबद्दल लिहिणं म्हणजे त्या घरात पुन्हा न येणं.

मामाने पानं चहा पिता पिता वाचली. चहा संपला तरी वाचत होता.

"हे रेड्याचं कशाला लिवलंस? साहेब लोक हसतील."

"सगळे तेच सांगतात."

त्याने शेवटचं पान पुन्हा वाचलं. "मोरीपासनं पुढचं काढून टाक."

"मग सगळंच काढून टाका," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्याला ऐकू गेलं की नाही याची मला शंका आली. पण चुलीपाशी मामीचा हात थांबला, त्यावरून कळलं.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दोन वर्स ऊस डोक्यावनं सडकेला आणलाय. मजूर यायला तयार न्हाईत. तुझ्या मामीची मान बघ कशी झालीय." मी मामीच्या मानेकडे बघितलं नाही. ती खरंच तशी झाली होती, मला माहीत होतं. त्याला वाट हवी होती यात खोटं काहीच नव्हतं. "तुला वाटलं आसंल, मामा लबाड हाय," तो म्हणाला. मी पानं गोळा करून बॅगेत ठेवली. त्याने ती मागितली नाहीत.

मामाच्या अर्जावरच्या सरकारी स्थळपाहणीला मी जाणार नव्हते. आईला भावाकडे जायचं होतं आणि एकटीला एसटीत चढवत नाही, म्हणून गेले. मार्चमधली सकाळ होती. सर्कल अधिकारी, तलाठी, पंच म्हणून गावातले चार जण, मामा. आणि मी मुद्दाम लांब, फणसाच्या सावलीत. मामाने रूळ दाखवला. अधिकाऱ्यांनी तो हाताने हलवून बघितला आणि काहीतरी लिहिलं.

मग आक्का पुढे आल्या. त्यांच्या हातात नवी नळी होती, दुकानातला कागद अजून तिच्यावर गुंडाळलेला. त्यांनी ती सोडली, कळशीतलं पाणी तिच्यात ओतलं, बोटाने बुडबुडे काढले, अगदी मी काढले होते तसे, आणि एक टोक अधिकाऱ्यांपुढे धरलं.

"धरा सायेब. मोरीपासनं जाऊ या. मी मागं थांबतो."

कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी तलाठ्याकडे बघितलं, तलाठ्याने पंचांकडे. ब्रेकवाले आजोबा, त्यांनाही सुनेने धरून आणलं होतं, तेवढंच म्हणाले, "बघा की. रेडा चालत न्हवता आलेला." अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ कळला नसावा, पण त्यांनी टोक धरलं.

त्या सगळ्या वेळात मामा नळीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी आक्कांना काही सांगितलं नव्हतं, कागद दिला नव्हता, नळी आणून दिली नव्हती. हे त्याला सांगता आलं असतं. पण मी त्यांना प्रत्येक टप्प्याचा आकडा दाखवला होता, आणि का दाखवला होता ते मला त्या दिवशीही नीट ठाऊक नव्हतं. मी मान खाली घातली. त्याला तोच कबुलीजबाब वाटला असणार.

अधिकाऱ्यांनी तिथे काही निकाल दिला नाही. सरकारी मोजणी मागवावी लागेल, मोजणीत लाईन जिथे निघेल तिथे निघेल, एवढं म्हणाले. मामाने दुसऱ्या आठवड्यात अर्ज मागे घेतला, हे आईने सांगितलं. पावसाच्या आधी त्याने तिसऱ्या खाचराची कड स्वतःच फोडली आणि मुरूम टाकला. आता ट्रॅक्टर तिथून जातो. तळाशी काळे टवके असल्यामुळे चिखलात चाक रुतत नाही, असं तो इतरांना सांगतो. मला सांगत नाही.

दिवाळीला मी गेले तेव्हा मामीने चहा दिला आणि बॅग हातातून घेऊन आतल्या खोलीत ठेवली, वहीसकट. कुणी वाईट बोललं नाही. फक्त मी खोलीत आले की बोलणं हवापाण्यावर यायचं.

संध्याकाळी मी दूध आणायला गोठ्यात गेले. लाकडी खुंटा नव्हता. म्हैस रुळाला बांधलेली होती, तिचं दावं त्या गुळगुळीत पट्ट्यावर बरोबर बसलेलं. मामा धार काढत होता. त्याने वर बघितलं, मग मी कुठे बघतेय ते बघितलं, आणि चरवी माझ्याकडे सरकवली.